तुम्ही विचारलंत म्हणून: वसाहतीत कामं कशी वाटायची?

मे महिन्यात मुंबईची पोरं देवगडला आली की आंबे खाऊन झाल्यावर हा प्रश्न येतोच. ‘काका, रिमवर्ल्ड या वसाहत उभारायच्या संगणक-खेळात आमची माणसं दिवसभर ओझीच वाहतात, संशोधन पुढे सरकत नाही. तुमचं कसं सरकतं?’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कामांच्या तक्त्यात हाताने आकडे द्यायची सोय चालू करा. नुसत्या टिकमार्कांवरही वसाहत चालते, पण रडतखडत. १ ते ४ आकडे म्हणजे कामाचा मान नव्हे, रांग. १ मधलं सगळं हातावेगळं झाल्याशिवाय माणूस २ कडे ढुंकूनही बघत नाही. आकडा सारखाच असेल, तर तक्त्यात डावीकडचं काम आधी. संशोधन पार उजव्या टोकाला, त्याच्या आधी ओझी आणि झाडलोट. ही दोन कामं कधी संपली आहेत का? खाणीतले दगड, दारातला चिखल, काहीतरी पडलेलं असतंच. तिकडे संशोधनाचं टेबल धूळ खात पडतं.

म्हणून मी आकडा देताना बघतो ते एवढंच, की काम संपणारं आहे का. आग विझवणं, दुखणं आलं की पलंग धरणं, हे सगळ्यांना १. स्वयंपाक एकालाच, तोही १; पण ‘इतकी ताटं होईपर्यंत’ अशी ऑर्डर लावून. ‘कायम’ ठेवलंत तर तो चुलीपासून हलत नाही. ओझी ३, झाडलोट ४.

आणि तक्त्यातले चौकोन रिकामे ठेवायला शिका, म्हणजे ते काम त्या माणसाला द्यायचंच नाही. बागेत आंबे उतरवायचा झेला चालवणाऱ्याला कोणी पेट्या भरायला बसवतं का? २० पैकी २ कौशल्य असलेल्याच्या हाती कढई दिलीत, तर अर्धी वसाहत ओकत बसेल, आणि हल्ला नेमका त्याच दिवशी. कौशल्यापुढची ज्योतीची खूण, म्हणजे त्या कामाची आवड, जरूर बघा: एका ज्योतीला शिकण्याचा वेग १०० टक्के, दोन असतील तर १५०, एकही नसेल तर जेमतेम ३५. आज ४ वर असलेला दोन ज्योतींचा माणूस बिनज्योतीच्या ६ वाल्याला लवकरच मागे टाकतो.

काही जण ओझं उचलायला आणि झाडू धरायला साफ नकार देतात. पोरं अशांना शिव्या घालतात. मला मात्र असा एक लागतोच. संशोधनाला १ द्यायचा आणि टेबलाशी बसवायचा.