फॅटचा आकडा बघता, तशी म्हशीची पाठही बघत जा

आमच्या ग्वाल्हेरकडे दुधाचा भाव फॅटवर ठरतो हे काही नवीन सांगायला नको. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ज्या मराठी घरांमध्ये अजून साय साठवून तूप कढवतात तिथल्या काकू लोकांना बरोबर कळतं की कुठल्या दूधवाल्याची म्हैस कशी आहे, आणि भिंड-मुरैना पट्ट्यात तर घराघरात म्हैस, सकाळी कॅन घेऊन सेंटरवर जायचं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) दाखवते, चिठ्ठी निघते, त्यावर पैसे. म्हणजे सगळ्यांची नजर त्या एका आकड्यावर. पण ती फॅट आली कुठून, चाऱ्यातून आली, कासेत तयार झाली की म्हशीच्या स्वतःच्या अंगातून वितळून आली, हे कोणी विचारत नाही, आणि माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

महूला जनावरांची डॉक्टरकी शिकत असताना मला फिजिऑलॉजीची गोडी लागली ती या विषयामुळेच, आता गावोगाव जनावरं बघत फिरते तरी डोक्यात तेच चालू असतं. मागे अंबाहकडे एका घरी नुकत्याच व्यायलेल्या म्हशीला बघायला गेले होते, मालक खूश, म्हणाला मॅडम फैट तो जबरदस्त आ रही है. मी कंबरेवर हात ठेवला तर मणके हाताला लागत होते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे, खुब्याची हाडं वर आलेली. फॅट जबरदस्त येतेय हे खरंच होतं, पण ती तिच्या पाठीवरची होती.

हे नीट समजून घ्या, कारण दर हिवाळ्यात हेच दिसतं. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत जनावराचं खाणं कमी होतं, व्यायल्यावर दूध एकदम वाढतं पण खाणं त्या वेगाने वाढत नाही, ते मागून रखडत येतं. मधली तूट भरायची कशी, तर चरबीच्या पेशी आपला साठा फोडून फॅटी ॲसिड रक्तात सोडतात. त्यातली काही कास सरळ उचलते आणि दुधात टाकते, म्हणून सुरुवातीला फॅट चढलेली दिसते. उरलेली लिव्हरकडे जातात, आणि लिव्हरची एक मर्यादा असते, ती ओलांडली की चरबी लिव्हरमध्येच साठायला लागते आणि कीटोन तयार होतात. म्हणजे कीटोसिस. गाईंमध्ये रक्तातलं बीएचबी, म्हणजे त्या कीटोनपैकीच एक, लिटरला 1.2 मिलिमोलच्या वर गेलं की बाहेरून काही दिसत नसलं तरी आत गडबड सुरू झाली असं धरतात. मग जनावर खुराक सोडून नुसता भुसा चघळतं, श्वासाला गोडसर वास येतो, दूध घसरतं. म्हशीत हे गाईपेक्षा कमी दिसतं, जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंमध्ये फार, पण म्हशीत होतच नाही असं समजू नका.

दुधाच्या रिपोर्टमध्येच याची खूण असते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाईच्या दुधातली फॅट प्रोटीनच्या दीडपट किंवा जास्त असेल तर ती गाय अंगातली चरबी जाळतेय असा संशय घ्यायचा. हे प्रमाण गाईसाठीच आहे हं, म्हशीच्या दुधात फॅट मुळातच जास्त असते त्यामुळे तिला ते लावू नका, तिच्यासाठी पाठीवरचा हातच बरा.

आता शरीर असं का करतं? रवंथ करणाऱ्या जनावराला चाऱ्यातून ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही, पोटातले जंतू ते आधीच खाऊन टाकतात आणि बदल्यात ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी ॲसिडं देतात, त्यातल्या प्रोपिओनेटपासून मुख्यतः लिव्हरला ग्लुकोज बनवावं लागतं. आणि गाईच्या एक लिटर दुधाला साधारण 72 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे 15 लिटरला किलोच्या वर, ते सगळं लिव्हरने बनवायचं! म्हणून व्यायल्यावर स्नायू आणि चरबी इन्सुलिनचं ऐकणं कमी करतात, ग्लुकोज कासेसाठी सोडतात आणि स्वतः चरबीवर भागवतात. माणसात याला आपण आजार म्हणू, इथे मात्र ही पिल्लाला दूध मिळावं म्हणून शरीराने केलेली सोय आहे. बाउमन आणि करी या दोघांनी 1980 मध्ये याला होमिओरेसिस म्हटलं, म्हणजे सगळं शरीर एका कामाच्या बाजूने वळवून घेणं, आणि ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला व्यायलेल्या जनावराकडे बघायची नजरच वेगळी मिळाली.

चरबी म्हणजे नुसतं कोठार, हा समज 1994 मध्ये लेप्टिन सापडल्यावर पार मोडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ते उंदरांमध्ये शोधलं, चरबीच्या पेशी स्वतः हार्मोन सोडतात आणि मेंदूला कळवतात की साठा किती आहे. चरबी हा काम करणारा अवयव आहे, आणि तो गाई-म्हशीतही तसाच बोलतो. म्हणून तर आटवलेल्या काळात, म्हणजे गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, जनावर खूप लठ्ठ केलं तर व्यायच्या सुमाराला त्याचं खाणं उलट आणखीच कमी होतं, आणि वितळायला चरबी भरपूर, लिव्हरवर सगळा लोंढा एकदम. पाच मार्कांच्या बॉडी कंडिशन स्कोअरमध्ये (1 म्हणजे हडकुळी, 5 म्हणजे लठ्ठ) गाय व्यायला 3 ते 3.5 च्या आसपास असावी असं सांगतात ते याचसाठी. आपल्याकडे मात्र दोन टोकं बघायला मिळतात, एक तर भाकड आहे म्हणून नुसत्या भुशावर सोडलेली, नाहीतर लाडाने फुगवलेली.

आणि व्यायल्यावर अशक्तपणा भरून यावा म्हणून तूप नाहीतर मोहरीचं तेल पाजतात. भावना मला कळते, घरातल्या बाळंतिणीसारखंच तिचं करतात, पण पोटातल्या ज्या जंतूंनी भुसा पचवायचा त्यांना मोकळं तेल सोसत नाही, एकूण खाण्यात फॅट 6-7 टक्क्यांच्या वर गेली की चारा पचणंच बिघडतं. त्यासाठी बायपास फॅट मिळते, कॅल्शियमसोबत बांधलेली, ती पहिल्या पोटात फारशी न विरघळता पुढे जाते. तीच द्या, आणि तीसुद्धा माफक.

तर अंगातली फॅट ही झाली एक वाट. दुसरी वाट कासेतली, दुधातली साधारण निम्मी फॅट कास स्वतः तयार करते आणि त्याचा कच्चा माल म्हणजे ॲसिटेट, जो भुसा, चरी, कडबा अशा तंतूवाल्या चाऱ्यातून येतो. इथेच लोकांचं गणित उलटं होतं. फॅट घसरली की लगेच दलिया वाढवतात, शिळ्या पोळ्या, बेकरीचा माल घालतात, पोट आंबट होतं, जंतूंचं काम बदलतं, आणि चाऱ्यातल्या तेलापासून एक वेगळंच फॅटी ॲसिड बनायला लागतं, ट्रान्स-10, सिस-12 सीएलए. ते दिवसाला काही ग्रॅम जरी कासेपर्यंत पोचलं तरी तिथलं फॅट बनवण्याचं काम मंदावतं, गाईंवर हे 2000 साली थेट देऊन दाखवलंय. म्हणजे दलिया आणखी वाढवला की फॅट आणखी खाली. जानेवारीतला कोवळा बरसीम हा हिरवा चारासुद्धा एकटा घालू नका, भुसा मिसळा, पोट फुगणंही टळतं आणि फॅटही टिकते.

आमच्याकडच्या भदावरी म्हशीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. तांबूस रंगाची, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, भिंड-मुरैना आणि पलीकडे आग्रा-इटावा हा तिचा मुलूख, जुन्या भदावर संस्थानावरून नाव पडलं. हिची फॅट सरासरी 8 टक्क्यांच्या आसपास आणि काही म्हशींची 12 च्याही वर जाते, भारतातल्या म्हशींमध्ये याबाबतीत तिचा हात धरणारी नाही. झाशीच्या चारा संशोधन संस्थेने तिच्या जतनाचं काम केलंय. पण गावात विचाराल तर सगळ्यांना जास्त दूध देणारी मुर्रा जातीची म्हैस हवी, आणि त्यांचंही चूक नाही, 5 लिटर 8 टक्क्यांचं म्हणजे 400 ग्रॅम फॅट, तर 8 लिटर 7 टक्क्यांचं म्हणजे 560 ग्रॅम, पैसे मुर्राच जास्त देणार. फक्त या हिशोबात भदावरीचं लहान अंग, कमी खाणं आणि खडबडीत चाऱ्यावर निभावणं कोणी धरत नाही. माझं मत विचाराल तर चिठ्ठीवरच्या फॅटपेक्षा चाऱ्याच्या एका किलोमागे किती फॅट हे मोजायला हवं, मग बीहडाच्या, म्हणजे चंबळच्या घळींच्या, काठी राहणाऱ्या माणसाला कोण परवडतं ते कळेल, आणि मला वाटतं भदावरी तिथे मान खाली घालणार नाही.

उन्हाळ्याचं वेगळंच. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 पर्यंत जातो, खाणं कमी होतं, मग वाटतं दूध त्याच्यामुळेच गेलं. पण अमेरिकेत गाईंवर प्रयोग झाले, काहींना गरमीत ठेवलं आणि काहींना थंडाव्यात ठेवून गरमीतल्यांनी खाल्लं तेवढंच दिलं, तर कमी खाण्यामुळे झालेली घट दुधाच्या एकूण घटीच्या फार तर निम्मी निघाली! आणि गंमत म्हणजे गरमीतल्या गाई कमी खाऊनही अंगातली चरबी सोडेनात, इन्सुलिन चढलेलं, ग्लुकोज शरीरच वापरून टाकतंय. म्हणजे मेमध्ये सावली, पाणी आणि डुंबायला जागा हा सरळसरळ मेटाबॉलिझमचा उपाय आहे, म्हशीला तर जास्तच, काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी.

स्नायूंबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही कारण म्हैस दुधासाठी. पण मायोस्टॅटिनची गोष्ट ऐकाच, हे प्रोटीन स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतं, 1997 मध्ये अमेरिकेत उंदरांमध्ये ते जीन बंद केलं तर स्नायू दुपटीने-तिपटीने वाढले, आणि त्याच वर्षी कळलं की बेल्जियन ब्लू जातीच्या त्या पहिलवान गाईंमध्ये याच जीनची 11 अक्षरं गायब आहेत. त्यांची बहुतेक वासरं ऑपरेशन करून काढावी लागतात, ही किंमतही सांगायला हवी. आपल्या कामाची गोष्ट याच्या आधीची आहे, स्नायूतले तंतू किती असणार हे जवळजवळ पोटात असतानाच ठरतं, जन्मानंतर ते जाड होतात पण संख्या फारशी वाढत नाही. म्हणून गाभण म्हैस उपाशी ठेवली तर जी वगार तीन-चार वर्षांनी तुम्हाला दूध देणार तिचाच पाया कच्चा.

आणि जन्मलेल्या पारडाकडे वळा. त्याच्याकडे मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते, तिचं काम फक्त उष्णता निर्माण करणं, त्यासाठी तिच्या पेशींत यूसीपी1 नावाचं प्रोटीन असतं. डुकरांमध्ये या प्रोटीनचं जीन निकामी झालंय म्हणून त्यांची पिल्लं थंडीत कुडकुडत एकमेकांवर चढून बसतात. पारडाचा हा साठा छोटा असतो, जानेवारीत ग्वाल्हेरच्या धुक्यात रात्री जन्मलं तर झरझर संपतो, आणि पुढचं जळण फक्त चिकातून येतं. तरी आमच्याकडे गावोगाव जार पडेपर्यंत पारडाला तोंड लावू देत नाहीत, कधी कधी पाच-सहा तास! जार पडायची वाट बघू नका हो, त्याला पुसून कोरडं करा, गोणपाट घाला आणि पहिल्या तासाभरात चीक पाजा, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, 30 किलोच्या पारडाला 3 लिटर, एकदम नाही, तीन-चार वेळा करून. पिताना पारडू कासेला ढुशा देतं त्याने म्हशीच्या अंगात ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं, गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायलाही मदतच होते.