वेढे मोजणारी आजी आणि वजन विचारणारी अपोथेके

सासूबाई नव्वद दिवसांच्या व्हिसावर सांगलीहून स्टुटगार्टला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत डिंकाचे लाडू होते, बाळंतशोपा होत्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सहाण होती. सहाणीसोबत गुटीची पुरचुंडी: वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, सुंठ, जेष्ठमध, हिरडा, अतिविष, खारीक, बदाम. विमानतळावर कोणी बॅग उघडली नाही. (दोन वर्षांनी त्यांनी असंच काहीतरी पार्सलने पाठवलं, ते मात्र परत गेलं. युरोपाबाहेरून टपालाने औषधं मागवायला इथे सामान्य माणसाला परवानगी नसते, आणि वेखंडाचा तुकडा म्हणजे औषध की मसाला यावर काउंटरवर वाद घालण्याइतकं माझं जर्मन तेव्हा नव्हतं. आजही नाही.)

इथे बाळंतपणानंतर हेबामे घरी येते. हेबामे म्हणजे रीतसर शिकलेली सुईण. पहिले दहा दिवस रोज येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे, आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. सासूबाईंना ही पद्धत पहिल्या दिवशीच पटली. "अगं, आपल्याकडच्या सुईणबाईंसारखीच की," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी हेबामेने ओट्यावरची सहाण पाहिली आणि गोडीत मिठाचा खडा पडला.

तिने वेखंड उचललं, हुंगलं आणि म्हणाली, "काल्मुस." मी चाटच पडले. आपलं वेखंड इथल्या तळ्याकाठी उगवतं आणि त्याला इथे नावही आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मग तिने विचारलं, "बाळाला किती देता?"

सासूबाई म्हणाल्या, "वेखंडाचा एक वेढा. जायफळाचा अर्धा. महिन्याच्या बाळाला त्याहून जास्त नाही."

वेढा म्हणजे जिन्नस सहाणीवर एकदा गोल फिरवून उगाळणं. मी भाषांतर केलं. हेबामेने मान डोलावली आणि मग शांतपणे नाही म्हणाली. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध, व्हिटॅमिन डीचा रोजचा थेंब आणि डॉक्टर लिहून देतील ते. बाकी काही नाही. वेखंडातला असारोन नावाचा घटक प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरला आहे. जायफळ जास्त झालं तर मोठ्या माणसालाही चढतं. आणि दगडावर उगाळलेलं, साध्या पाण्यातलं चाटण एवढ्याशा पोटात का घालायचं?

त्या संध्याकाळी सासूबाई जेवताना बोलल्या नाहीत. "माझी तीन मुलं काय हवेवर वाढली?" एवढंच एकदा. माझा नवरा ताटाकडे बघत राहिला. तो त्या तिघांपैकी एक.

तिढा सोडवला खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी. बाळ रात्री रडतं हे त्यांना भिंतीतून ऐकू येतच होतं. एका सकाळी त्या बडीशेपेच्या चहाची खोकी घेऊन दारात. या देशात गेल्या कित्येक पिढ्या बडीशेपेच्या चहावर वाढल्यात, त्यांची चारही मुलं त्यावरच शांत झोपली, असं त्यांनी सांगितलं. पोटात वारा धरला की बडीशेप, हे ऐकून सासूबाईंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी हेबामे आली, खोकी पाहिली आणि पुन्हा म्हणाली, "नाही."

"म्हणजे ही त्यांच्या आजीचंही ऐकत नाही!" सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं आणि हेबामेचं जमलं. राग देशाचा नव्हताच बहुधा. आपलं तेवढं जुनाट ठरलं, याचा होता.

पुढे मी त्या बडीशेपेचं प्रकरण वाचलं. तिच्या तेलात एस्ट्रागोल असतं. मोठ्या मात्रेत ते उंदरांच्या यकृतात गाठी करतं असं दिसल्यावर युरोपच्या औषध संस्थेच्या वनस्पती समितीने चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचं औषध देऊ नका असा सल्ला दिला. त्यामुळे आजी चहा घेऊन येतात आणि नातसुना तो कपाटात ठेवून देतात. आपल्या घरी गुटीचं जे होतं, तेच.

म्हणून जर्मन माणूस वनस्पतींना नाकं मुरडतो असं समजू नका. उलटंच आहे. लाल रंगातलं मोठं 'ए' अक्षर दिसलं की ती अपोथेके, म्हणजे औषधांचं दुकान, आणि तिच्या फळ्यांवर कितीतरी औषधं झाडापाल्याची. इथल्या सरकारने १९७८ साली 'कमिशन ई' नावाची तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिने ३०० हून अधिक वनस्पतींची एकेक करून छाननी केली: कशावर चालते, किती द्यायची, कोणाला द्यायची नाही. दरवर्षी एक औषधी वनस्पतीही मानाने निवडतात. २००६ साली थाइम नावाचं सुगंधी झुडूप, २००९ साली आपली वादग्रस्त बडीशेप, २०१० साली आयव्हीची वेल. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं तर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी अपोथेकेतल्या अशा औषधाचे पैसेही सरकारी आरोग्य विमा देतो.

लेक किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत जायला लागला आणि आमच्या घरी सर्दी मुक्कामाला आली. पहिल्या हिवाळ्यात खोकल्याचं औषध घ्यायला गेले. काउंटरवरच्या बाईने बाटली हातात देण्याआधी प्रश्न विचारले. वय किती? वजन किती? खोकला कोरडा की कफाचा? किती दिवस झाले? श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का? आयव्हीच्या पानांचं सिरप दोन वर्षांखाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, म्हणाली. माझा अडीच वर्षांचा होता. मापाच्या छोट्या पेल्यावर तिने पेनने रेघ मारून दिली.

ती रेघ पाहताना मला सासूबाईंचा 'अर्धा वेढा' आठवला. गुटीतही मात्रा होतीच की. महिन्याला एक वेढा, दुसऱ्या महिन्याला दीड, जायफळावर हात आखडता. गंमत अशी की माझ्या पिढीला गुटीतल्या जिनसांची नावं तोंडपाठ आहेत आणि वेढ्यांचा हिशेब मात्र विसरलाय. बाजारातली तयार गुटीची बाटली आणायची आणि बोट बुडवून चाटवायची. 'घरगुती आहे, त्याने काय होतंय' हे वाक्य आमचं आहे. आजीच्या तोंडी ते मी कधी ऐकलं नाही.

थाइमची एक गोष्ट सांगायलाच हवी. थाइमचा चहा पहिल्यांदा केला आणि झाकण उघडलं, तर स्वयंपाकघरात ओव्याचा वास! मला वाटलं डबा सांडला. दोघांतही थायमॉल आहे, तोच एक घटक. आपण ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडीने छाती शेकतो, ते थाइम पाण्यात घालून झाकून ठेवतात. झाकायचं अशासाठी की वास उडाला म्हणजे औषधच उडालं. पाणी कोमट झाल्यावर मध घालायचा, पण बाळ वर्षाचं झालेलं असेल तरच. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. जन्मल्या-जन्मल्या मध चाटवणाऱ्या घरांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावं.

कानदुखीवर इथे कांद्याची पुरचुंडी बांधतात. कांदा बारीक चिरायचा, कापडात बांधायचा, वाफेवर कोमट करायचा आणि कानामागे धरायचा. कांद्याने कान बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. पण उबेने मूल शांत होतं, आणि रात्री दोन वाजता तेवढंही पुष्कळ असतं. तापात पोटऱ्यांना कोमट पाण्याच्या पट्ट्या गुंडाळतात, पाय गरम असतील तरच. गार पायांना गुंडाळलं तर मूल कुडकुडतं. आपण कपाळावर ठेवतो, हे पोटऱ्यांवर. यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ताप ३८ अंशांवर गेला, तर मात्र ना पट्टी ना काढा, थेट डॉक्टर. यावर आहे.

सर्वांत मोठा धक्का सासूबाईंना कापराने दिला. नाक चोंदलं की बाळाच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं की त्यांनी दुसऱ्या भेटीत न विचारताच बांधली. मुलांच्या डॉक्टरांनी तपासताना ती हलकेच काढली. कापूर, निलगिरी, पुदिन्याचं तेल, यांच्या उग्र वासाने लहान मुलाचा घसा आवळून श्वास अडकू शकतो. आणि कापराची वडी चुकून पोटात गेली तर झटके येतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी येऊन पुरचुंडी सोडली, ओवा वेगळा केला, कापूर वेगळा.

या उन्हाळ्यात त्या परत गेल्यावर मी मसाल्याचं कपाट आवरायला घेतलं. प्रत्येक डब्यावर त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या. 'ओवा - शेकायला.' 'जेष्ठमध - मोठ्यांना.' 'बडीशेप - जेवणानंतर, पाहुण्यांना.' कापराचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, माझाही हात पुरणार नाही इतक्या मागे सरकवलेला. स्टुलावर चढून बघितलं.

'फक्त देवाला.'