छोटी दांडी

गाडी घेऊन आठ महिने झाले, तरी मोठ्या गिअरशेजारची छोटी दांडी मी एकदाही हलवली नव्हती. सेकंडहँड थार, डिझेल, मॅन्युअल. कोल्हापुरात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, लागतं कुठे? दांडीवरची अक्षरं मात्र तोंडपाठ होती : टू-एच, फोर-एच, एन, फोर-एल. आकडा चाकांचा; एच म्हणजे हाय, एल म्हणजे लो, एन म्हणजे न्यूट्रल. पाहुण्यांना मी बिनदिक्कत सांगायचो, "फोर-लो टाकलं की भिंतीवर चढते."

जुलैमध्ये सासऱ्यांच्या बागेत खत पोचवायचं निघालं. साखरप्याच्या पुढे डोंगराच्या अंगावर त्यांची हापूसची कलमं आहेत. मागची सीट पाडून तीन गोण्या टाकल्या आणि आंबा घाट धुक्यातच उतरलो. इथवर सगळं डांबर, म्हणजे टू-एच; फक्त मागची चाकं ओढतात.

हमरस्ता सोडला आणि तांबड्या चिखलाला सुरुवात झाली. पहिल्याच खळग्यात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. क्लच दाबून दांडी फोर-एचवर घेतली, डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी निमूट बाहेर आली. इतकं सोपं? माझी छाती तिथे जी फुगली, ती पुढच्या दहा मिनिटांत उतरली.

बागेच्या आधी एक चढ आहे. खडा, मधेच वळण, एका अंगाला जांभ्याचा गडगा, म्हणजे चिरे रचून केलेलं कुंपण. चढाच्या तोंडाशी म्हटलं, आता फोर-लो. गाडी पुरती थांबली नव्हती, तरी दांडी ओढली. कर्रर्र आवाज झाला. आणखी जोर लावला, दांडी सरकली, मी समजलो पडला. पहिला गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन छान गुरगुरतंय, पण गाडी हलेना. डावा पाय ब्रेकवर ठेवून थोडा रेस दिला. गुरगुर वाढली, बाकी काही नाही. काय झालं ते वाकून बघावं म्हणून ब्रेकवरचा पाय जरा सैल केला, आणि गाडी मागे निघाली. पहिला गिअर पडलेला, इंजिन चालू, आणि गाडी मागे! ब्रेक करकचून दाबला तर चाकं थांबली, पण गाडी चिखलावरून घसरतच राहिली. मागचा बंपर गडग्याला टेकला तेव्हा कुठे थांबली. दोन चिरे पडले.

आवाज ऐकून बागेतले आप्पा खाली आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, तरुणपणी चिरेखाणीवर जुनी जीप चालवलेली. त्यांनी आधी मागच्या चाकाला दगडाची उटी लावली, हँडब्रेक ओढायला लावला आणि मग आत डोकावले. "जावईबापू, दांडी मधेच हाय तुमची. एनवर."

फोर-एच आणि फोर-एलच्या मधे जो एन आहे, तो मोठ्या गिअरच्या न्यूट्रलपेक्षा वेगळा. तिथे गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो. मोठा गिअर पहिल्यात असो नाहीतर रिव्हर्समध्ये, गाडी मोकळी. उतारावर गिअरमध्ये टाकून गाडी उभी करायची आपली सवय इथे घात करते.

आप्पांच्या जीपला अशा दोन दांड्या होत्या. एक पुढचा अ‍ॅक्सल जोडायला, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर द्यायला, दुसरी हाय-लोला, आणि पुढचा जोडल्याशिवाय लो पडायचाच नाही. शिवाय पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, हाताने लॉक करायचे, म्हणजे चिखलात गुडघे टेकणं आलंच. "तुमचं बसल्या जागी होतंय, तर नीट तरी करा," ते म्हणाले.

नीट म्हणजे असं : गाडी पूर्ण उभी, पाय ब्रेकवर, क्लच तळापर्यंत, मग दांडी एकदम शेवटपर्यंत. अडलीच तर क्लच किंचित सोडून पुन्हा दाबायचा, जोर नाही लावायचा. चढासाठी त्यांनी पहिला नाही, दुसरा गिअर टाकायला सांगितला. लोमध्ये जोर अडीच पटीच्या आसपास वाढतो. चिखलात पहिला टाकून रेस दिली की चाकं नुसती माती उडवतात. आणि चढाच्या मधे गिअर बदलायचा नाही. गाडी वळण घेऊन वर गेली. आप्पा पुढे चालत होते, मी त्यांच्या मागे तेवढ्याच वेगाने.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी उतरताना. रात्रभर पाऊस कोसळलेला. फोर-लो, पहिला गिअर, आणि आप्पांचा हुकूम : दोन्ही पाय बाजूला. ना ब्रेक, ना क्लच. समोर बॉनेटखाली रस्ता दिसत नाही आणि पाय मोकळे ठेवायचे! दोनदा माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला, दोनदा मागची बाजू गडग्याकडे सरकली. तिसऱ्यांदा मी पाय सीटखाली ओढूनच घेतले. मग इंजिनच गाडीला धरून राहिलं. वेगाचा काटा जेमतेम उठलेला, चाकं सावकाश फिरताहेत, कुठेही घसरण नाही. लो म्हणजे ताकद एवढंच मला माहीत होतं. हा हळूपणा कुणी सांगितला नव्हता.

खाली थांबून फोर-एच केलं आणि त्याच नादात डांबरावर आलो. साखरप्यात वळताना स्टिअरिंग जड झालं, गाडी आतून कुणी धरल्यासारखी अडखळायला लागली. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, पण फोर-एचमध्ये पुढचं-मागचं एकत्र बांधलेलं. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. दांडी टू-एचकडे ओढली तर हलेना. आप्पांना फोन केला. "सरळ मागे घ्या दहा फूट," एवढं बोलून त्यांनी ठेवला.

चहाच्या टपरीसमोर मी गाडी मागे घेऊ लागलो. टपरीवाला पावसात बाहेर येऊन हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या, भरपूर जागा आहे." खट्‌ आवाज झाला, दांडी सैल पडली, दिवा विझला. आता त्याला काय सांगणार? उतरलो आणि चहा सांगितला.