थेंब वाढला बारा पट, पाऊस एकशेचव्वेचाळीस पट

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ (डोंगरानं पाऊस अडवल्यामुळे त्याच्या पलीकडे उरणारा कमी पावसाचा भाग) हे शब्द आमच्या मुलांना तोंडपाठ असतात, पण म्हणजे काय असं विचारलं की उत्तर येतं, ‘डोंगराची सावली, मॅडम.’ म्हणून दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये इन्फोग्राफिक तयार केलं. शेतकऱ्याचं चित्र शोधलं तर हॅट घातलेला, ट्रॅक्टरवर बसलेला गोरा बुवा आला. तोच चिकटवला. दोन बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर छापून आणलं आणि वर्गात टांगलं. आठवड्याभरानं फ्लेक्स उलटा केला आणि विचारलं, यावर काय होतं? एकच हात वर आला. ‘मॅडम, हॅटवाला माणूस.’

आकडे मी शोधले होते, काय ठेवायचं नि काय गाळायचं तेही मीच ठरवलं होतं. मुलांच्या वाट्याला नुसतं बघणं उरलं होतं.

यंदा कार्डशीट आणि स्केचपेन मुलांच्याच हातात दिली. मुख्याध्यापक सरांनी ‘पोर्शन मागे पडणार नाही ना?’ असं विचारून चार तास मंजूर केले (लागले सहा). सहा गट, आणि अटी तीनच: एका कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर, शब्द चाळीसच्या आत, आणि प्रत्येक आकडा कुठून घेतला ते कोपऱ्यात लिहायचं.

पहिला तास नुसता काटछाटीत गेला. महाबळेश्वर म्हटल्यावर प्रत्येकाला स्ट्रॉबेरी काढायची होती. ‘मॅडम, वेण्णा लेक तरी राहू दे,’ म्हणून एक मुलगा अगदी काकुळतीला आला. मी विचारलं, तुझा प्रश्न काय? ‘वाईला पाऊस कमी का?’ मग त्यात होडी कशाला? त्यानं नाइलाजानं होडी खोडली, पण तळं ठेवलंच.

आकड्यांनी वेगळाच घोळ घातला. महाबळेश्वरचा पाऊस एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरा. मुलांना वाटलं, एक पुस्तक चुकलंय. सरासरी कोणत्या वर्षांची काढली त्यावर आकडा बदलतो हे फळ्यावर पाच वर्षांचे खोटे आकडे मांडून दाखवलं, तेव्हा पटलं. शेवटी आम्ही ढोबळ आकडे धरले: महाबळेश्वर ६,००० मिलिमीटर, तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला १,८००, खाली वाईला ७००–८००, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास.

खरी मजा तिसऱ्या तासाला झाली. एका गटानं पावसाचे थेंब काढले. माणचा थेंब एक सेंटिमीटर उंच, महाबळेश्वरचा बारा. हिशेब चोख. पण थेंब छान दिसावा म्हणून रुंदीही बारा पट केलेली. माणकडचीच एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडं पाऊस कमी आहे, पण एवढा बी कमी नाही.’

तिचं बरोबर होतं. आलेखाच्या कागदावर दोन्ही थेंब गिरवले आणि चौकोन मोजले. छोट्या थेंबात अर्धा चौकोन भरला, मोठ्यात सत्तरच्या वर. वर्गातला गणिताचा हुशार मुलगा पुटपुटला, ‘बारा गुणिले बारा.’ पाऊस बारा पट, चित्र एकशेचव्वेचाळीस पट. मला स्वतःला हे आधी दिसलं नव्हतं. माझ्या फ्लेक्सवरच्या छत्र्याही अशाच फुगलेल्या होत्या, ते मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची १८५८ मधली आकृती दाखवली. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले, हे त्यांनी बारा-बारा महिन्यांच्या पाकळ्यांतून मांडलं होतं. मुलांनी लगेच विचारलं, ‘पाकळीची लांबी मोजायची की जागा?’ जागा. मग लांबीसाठी वर्गमूळ काढावं लागणार, हेही त्यांनीच सांगितलं. आठवीत वर्गमूळ भूगोलाच्या तासाला कुणी आपणहून काढल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

थेंबवाल्या गटानं थेंब सोडले आणि पर्जन्यमापकाच्या नळ्या काढल्या, सगळ्या सारख्याच रुंदीच्या. महाबळेश्वरची नळी कागदात मावेना, म्हणून वर आणखी एक कार्डशीट जोडलं. त्याखाली सह्याद्रीचा आडवा छेद: अरबी समुद्रावरून येणारे वारे घाट चढतात, थंड होतात, पाऊस टाकतात आणि पलीकडे उतरताना तापून कोरडे होतात. पहिल्या कच्च्या चित्रात समुद्र उजवीकडे होता. का, तर काढणारा त्या बाजूला बसला होता.

सगळंच काही जमलं नाही. दोन गटांनी नुसती सजावट केली. एका मुलानं सहाही तास फक्त ढग रंगवले आणि मला ते फार उशिरा लक्षात आलं. पुढच्या वेळी गट सातचे नाही, चारचे करणार. चाचणीत मात्र एरवी दोन ओळींवर पेन ठेवणाऱ्या एकानं उत्तराऐवजी तो छेद काढला, बाणांसकट. मी पूर्ण गुण दिले.

माझा फ्लेक्स सध्या प्रयोगशाळेच्या फुटक्या खिडकीला बांधलाय. छापलेली बाजू बाहेर ठेवलीय, त्यामुळे हॅटवाला जूनपासून भिजतोय.