वाकडी पक्कड आणि सपाट टेबल

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका वायर हार्नेस कारखान्यात मी आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. गाडीतील दिवे, स्विच आणि सेन्सर यांना जोडणाऱ्या वायरींच्या जुड्या येथे बांधल्या जातात, आणि ते काम बहुतांशी तरुण मुली करतात. एका आठवड्यात एकाच लाइनवरील काही मुली सारखीच तक्रार घेऊन आल्या: रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात आणि हात झटकल्याशिवाय झोप लागत नाही. दोन्ही मनगटे खाली वाकवून, हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला सांगितले, तेव्हा एकीच्या बोटांना त्या मिनिटातच बधिरपणा आला.

मनगटातील हाडे आणि त्यांवरचा आडवा पट्टा यांच्यामधील अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या 9 कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि याच बोटांची संवेदना वाहणारी मीडियन नस जाते. मनगट वाकवून जोर लावत राहिले, की या नसेवर दाब येतो. सुपरवायझरांच्या मते हा घरच्या धुण्याभांड्यांचा परिणाम होता. घरकामाचा भार खराच असतो. पण मग शेजारच्या लाइनवरील मुलींना काहीच कसे होत नव्हते?

दुपारी मी लाइनवर जाऊन उभी राहिले. या लाइनला नुकतीच वाकड्या दांड्यांची, ‘एर्गोनॉमिक’, म्हणजे शरीराला सोयीची, म्हणून विकली जाणारी पक्कड दिली होती. ही कल्पना मुळात उत्तमच आहे: उभ्या फळीवर, कोपराच्या उंचीवर, समोरच्या दिशेने जोर लावताना वाकडा दांडा मनगट सरळ ठेवतो. परंतु येथील टेबल सपाट होते आणि वायर वरून खाली दाबून कापायची होती. पक्कड वायरीवर उभी टेकावी म्हणून समोरच्या एका मुलीला कोपर जवळजवळ खांद्यापर्यंत उचलावे लागत होते, आणि दर वेळी मनगट मुडपत होते. दांड्यांवरील बोटांच्या खाचा मोठ्या पंजाच्या मापाच्या असल्यामुळे खाचांच्या कडा तिच्या बोटांच्या सांध्यांवर रुतत होत्या.

“मॅडम, ही पक्कड चांगली आहे असं सगळेच सांगतात, म्हणून मला वाटलं माझ्याच हातात खोट आहे,” ती म्हणाली. या वाक्याने मी फार अस्वस्थ झाले.

खणातील जुनी सरळ पक्कड तिच्या हाती दिली, तेव्हा कोणी काही सांगण्याआधीच तिचे कोपर अंगाशी आले. सुपरवायझरांनी हे स्वतः पाहिले आणि त्यानंतर वाद उरला नाही.

वाकडी पक्कड आम्ही उभ्या फळ्यांवर हलवली. टेबलासाठी गुळगुळीत दांड्यांची, स्प्रिंगने आपोआप उघडणारी सरळ पक्कड मागवली. तिचे दांडे तळहाताच्या मध्यावर न संपता पुढे जातात, कारण टोक तेथे रुतले तर नसेवरच दाब येतो. दांड्यांमधील अंतर उघडल्यावर 9 सेंटिमीटरांच्या आत असावे, अशी अट घातली, आणि खरेदीपूर्वी प्रत्येक नमुना लाइनवरील सर्वांत लहान पंजाच्या मुलीच्या हातात, तिच्याच टेबलावर पाहायचा, असे ठरले. ज्यांना त्रास होता त्यांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आणि काही काळ तपासणीच्या कामावर बसवले. एकीच्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बारीक झालेला दिसला, म्हणून तिला त्याच आठवड्यात हाताच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले.