तुम्ही विचारलंत म्हणून: मी नाटकाला तारे का देत नाही

शिवाजी मंदिरला मध्यंतरात वडा खाताना, लोकलमध्ये, परवा तर एका लग्नाच्या पंगतीत तोच प्रश्न: "परीक्षण वाचलं, पण तारे किती?" सहा वर्षं मी तारे देत नाही. मी घाबरते, निर्मात्यांना सांभाळून घेते, हेही ऐकून झालं. तर आता सांगतेच.

एके काळी मीच ताऱ्यांची बाजू घेऊन भांडायचे. पाचशेचं तिकीट काढून डोंबिवलीहून दादरला येणाऱ्या माणसाला माझं नेपथ्यावरचं चिंतन नको असतं, जायचं की नाही एवढं हवं असतं. हे मला आजही खोटं वाटत नाही.

मग ते नाटक आलं. शुभारंभाचा प्रयोग, रविवार, दुपारचे चार. प्रकाशयोजना दोनदा चुकली, नायकाचा घसा बसलेला, दुसरा अंक संपता संपेना. त्यात आई आपल्या गेलेल्या मुलीची साडी घडी करते असा प्रसंग होता. त्या दिवशी आईचं काम करणाऱ्या बाईंनी ती साडी कशीबशी गुंडाळली. मी दोन तारे दिले. 'संहितेत ताकद आहे' असंही लिहिलं होतं, पण तारे बघितल्यावर खालचं कोण वाचतं?

दोन महिन्यांनी मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून पार्ल्याला, दीनानाथला, तेच नाटक पुन्हा बघितलं. बाविसावा प्रयोग. दुसरा अंक चांगला दहा मिनिटांनी कापलेला. आणि तो प्रसंग! बाईंनी साडीचे काठ जुळवले, पदरावरून तळहात फिरवला, एक घडी मनासारखी बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. एक शब्द नाही. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पण माणसं होती जेमतेम ऐंशी. नंतर आत भेटायला गेले, तर लाइट्स सांभाळणारा मुलगा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मॅडम, तुमचे दोन तारे अजून ग्रुपवर फिरतायत." आवाजात राग नव्हता. प्रयोग नाही तर त्याला नाईट, म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसेही नाहीत, हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.

सव्विसाव्या प्रयोगाला नाटक बंद पडलं. एकट्या माझ्यामुळे नाही. परीक्षांचे दिवस होते, जाहिरातीला पैसे नव्हते. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण मी पुन्हा लिहिलं का? संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "एकदा येऊन गेलंय ना." मी हट्ट धरला नाही. ते माझंच चुकलं.

सिनेमा पहिल्या खेळाला जसा, तसाच पन्नासाव्या खेळाला. नाटक प्रयोगागणिक घडतं. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचं जे चाललं, ते मोजक्या प्रेक्षकांसमोर असं घडत जाणंच होतं. हल्ली शुभारंभाच्या मध्यंतरातच निकालाचं रील येतं, आणि त्यात माझ्या ताऱ्यांची भर मला घालायची नाही.

तरी मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला. एका नव्या नाटकाबद्दल मी पंधरा मिनिटं बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कळलं गं, पण जाऊ ना?"

मी म्हटलं, "जा." फोन ठेवल्यापासून विचार करतेय, हा 'जा' आणि तारे यात नेमका फरक काय?