ब्रह्मपुत्रेवर, प्रवाहाविरुद्ध

ब्रह्मपुत्रेवर आमची बोट रात्री चालत नसे. गुवाहाटीहून जोरहाटजवळच्या निमातीघाटापर्यंतच्या त्या प्रवासात सगळा दिनक्रम या एका गोष्टीवर बेतलेला होता. डिसेंबरात आसामात साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्याआधी सारंग, म्हणजे बोट चालवणारा, एखादं चर, म्हणजे वाळूचं बेट हेरायचा. खलाशी फळी टाकून उतरायचे, वाळूत खुंट ठोकायचे, दोर आवळायचे. सकाळी धुकं विरून समोरचा काठ दिसेपर्यंत मुक्काम तिथंच. काही सहप्रवाशांचा जीव या थांबण्याने कासावीस व्हायचा. मला तेच तास सगळ्यात प्रिय होते. इंजिन बंद असतं तेव्हाच डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतात तो फुसकारा ऐकू येतो. तिथले लोक त्यांना सिहू म्हणतात.

माझा बहुतेक दिवस सुकाणूच्या खोलीबाहेर गेला. गुवाहाटी ज्यावर येतं तो धुब्री ते सदिया हा ८९१ किलोमीटरचा टप्पा १९८८ पासून राष्ट्रीय जलमार्ग २ आहे. वाट दाखवायला पात्रात बांबू रोवलेले असतात. पण दर पुरात वाळू जागा बदलते, त्यामुळे नुसत्या बांबूंवर भागत नाही. १५ ऑगस्ट १९५०च्या भूकंपात डोंगरच्या डोंगर ढासळले, तो गाळ नदीत उतरला आणि दिब्रुगडजवळ तिचा तळ काही मीटर वर आला. तेव्हापासून ती आणखीच पसरली.

"दादा, कुठे खोल आहे ते कळतं कसं?" मी सारंगाला विचारलं. त्याने हाताने काठ दाखवला. एकीकडे मातीचा उभा कडा, दुसरीकडे हळूहळू उतरणारी वाळू. नदी जिथे काठ खाते तिथे खोल पाणी, जिथे वाळू टाकते तिथे उथळ. म्हणून बोट त्या ढासळत्या कड्याच्या बाजूनेच जात होती. पाण्यावर बारीक लाटांची खडबड दिसली की वेग कमी व्हायचा आणि बोटीच्या पुढच्या टोकावरचा खलाशी खुणा केलेला बांबू पाण्यात खुपसून खोली ओरडून सांगायचा. त्या ओरडण्याची इतकी सवय झाली, की ते थांबलं की मी पुस्तकातून मान वर करायचो.

भटारखान्यातला मासा बहुधा नदीतलाच असे. होडीवाले बोटीला होडी लावून विकायचे. त्याचं मासोर टेंगा, म्हणजे आंबट कालवण, आणि सोबत सुवासिक जोहा तांदळाचा भात. आपण कोकम घालतो तिथे औटेंगा नावाचं फळ. एका चरावर म्हशी राखणाऱ्या कुटुंबाकडून आमच्या आचाऱ्याने दही घेतलं. पावसाळ्यात ते चर बुडतं, तेव्हा ही माणसं म्हशींसकट उंचावर जातात.

काझीरंगाचे गेंडे पाहिले, माजुलीत सामगुरी सत्रातले, म्हणजे तिथल्या वैष्णव मठातले, मुखवटेही. सुंदरच होते. तरी माजुली मला खरी कळली ती पाण्यावरून. एकेकाळी १,२०० चौरस किलोमीटरहून मोठं असलेलं हे बेट आता निम्म्याहूनही कमी उरलंय. आमच्या डोळ्यांदेखत बांबूच्या जाळीसकट काठाचा एक तुकडा पाण्यात गेला. सारंगाने वेग उतरवला, लाट ओसरू दिली आणि पुन्हा त्याच काठाशी बोट घेतली. खोल पाणी तिथंच होतं.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी फेरी घ्या. वेळ जास्त लागतो. पण नदी वाचणारी माणसं कशी काम करतात ते बघायला तेवढा वेळ हवाच.